घरच्या सिम्युलेटरवर खऱ्यासारखं हेलिकॉप्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, खारघर या पट्ट्यात घरी सिम्युलेटर मांडून बसणाऱ्यांपैकी बरेच जण विमानाकडून हेलिकॉप्टरकडे वळतात आणि पहिल्याच आठवड्यात वैतागतात. मग फोन येतो. प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून उत्तरं इथं एकदाच लिहून ठेवतोय. वेगळं काही सांगितलं नसेल तर वरून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरणारा मुख्य रोटर गृहीत धरा. अमेरिकी हेलिकॉप्टरांचा रोटर तसाच फिरतो.

विमान मला छान उतरवता येतं. मग हेलिकॉप्टर फूटभर वर उचललं की लगेच आडवं का होतं?

विमानाला हात लावला नाही तर ते बहुधा सरळ जात राहतं. हॉवर करणाऱ्या, म्हणजे हवेत एका जागी थांबलेल्या, हेलिकॉप्टरला तसं सोडून देता येत नाही. तळहातावर उभी काठी तोलताना हात सतत सरकत ठेवावा लागतो, तसंच हे. शिवाय प्रत्येक कंट्रोल दुसऱ्याच्या कामात लुडबुड करतो, आणि नवा माणूस नेमका तिथंच अडकतो.

क्रम असा आहे. डाव्या हातानं कलेक्टिव्ह (सीटच्या डावीकडचा दांडा) वर ओढला की सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो. जास्त कोन म्हणजे जास्त उचल, पण जास्त अडथळाही. त्यामुळे इंजिनाला जोर लावावा लागतो, टॉर्क (रोटर फिरवणारा पिळाचा जोर) वाढतो आणि धड रोटरच्या उलट दिशेला, म्हणजे नाक उजवीकडे, वळायला लागतं. ते थांबवायला तुम्ही डावं पेडल दाबता. टेल रोटरचा (शेपटीवरच्या छोट्या रोटरचा) जोर वाढतो, पण तो जोर अख्ख्या हेलिकॉप्टरला उजवीकडे ढकलतो. ते सरकणं थोपवायला सायक्लिक (उजव्या हातातली, रोटर हवा तिकडे कलवणारी काठी) किंचित डावीकडे न्यावा लागतो. रोटर डावीकडे कलला की सरळ वर जाणारी उचल थोडी घटते, म्हणून पुन्हा कलेक्टिव्ह. आणि कलेक्टिव्ह हलला की हे सगळं पहिल्यापासून.

म्हणूनच अशी हेलिकॉप्टरं हॉवरमध्ये थोडी डावीकडे झुकलेली असतात आणि उतरताना डावा स्किड (पोटाखालची दांडी) आधी टेकतो. जमिनीवर सायक्लिक बरोब्बर मध्ये धरून उचललंत तर हेलिकॉप्टर उजवीकडे सरकणारच. त्यात सिम्युलेटरचा काही दोष नाही.

मग दोष मॉडेलचा की माझ्या हाताचा, हे ओळखायचं कसं?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. माझं मत स्पष्ट आहे: कॉकपिटमधली बटणं किती चालतात आणि काचेवर पावसाचे थेंब किती सुंदर दिसतात यावरून मॉडेल खरं ठरत नाही. एका गोष्टीचा परिणाम दुसरीवर, दुसरीचा तिसरीवर होतो का, ते बघायचं. त्यासाठी पुढच्या परीक्षा घ्या. पाचवी तर हॉवर जमत नसला तरी करता येते.

पहिली परीक्षा जमिनीजवळची. तीन फुटांवर हॉवर करा, टॉर्क किंवा मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिन किती ताकद लावतंय ते दाखवणारा काटा) वाचा. मग पन्नास फुटांवर जाऊन पुन्हा वाचा. जमिनीपासून साधारण एका रोटर व्यासाच्या उंचीपर्यंत ग्राउंड इफेक्ट (जमिनीच्या जवळिकीमुळे कमी ताकदीत उचल) मिळतो, म्हणून वर जास्त ताकद लागली पाहिजे. पुढची पायरी म्हणजे उंच इमारतीच्या गच्चीवर हॉवर करून हळूच कठड्याबाहेर सरकायचं. रोटरखालची गच्ची संपली की हेलिकॉप्टर बसायला लागलं पाहिजे. काही मॉडेलं फक्त मूळ जमिनीपासूनची उंची मोजतात, इमारत त्यांच्या हिशोबातच नसते. ती इथं पकडली जातात.

दुसरी वेग घेण्याची. हॉवरमधून सावकाश पुढे जा, कलेक्टिव्हला हात लावू नका. १० ते २० नॉटच्या दरम्यान थरथर जाणवली पाहिजे आणि यंत्र उजवीकडे कलू पाहिलं पाहिजे, कारण रोटरच्या पुढच्या भागाला ताजी हवा मिळते आणि मागच्याला आधीच खाली ढकललेली. १६ ते २४ नॉटच्या पट्ट्यात रोटर स्वतःच्या खळबळीतून बाहेर पडतो, त्याच ताकदीत हेलिकॉप्टर वर चढायला लागतं आणि नाक उचलतं. हा बदल हळूहळू यायला हवा. एखाद्या आकड्यावर झटका बसून उचल मिळाली तर तिथं कुणीतरी फक्त एक अट लिहून ठेवली आहे असं समजा.

तिसरी वाऱ्याची. १५ नॉट वारा लावा आणि एका जागी पेडलनं पूर्ण गोल फिरा. वारा समोरून असताना सोपं, मागून आला की शेपूट वाऱ्यामागे जाऊ पाहते, डावीकडून आला की टेल रोटर अस्वस्थ होतो. गोलभर पाय एकसारखाच चालत असेल तर त्या मॉडेलमध्ये टेल रोटर नावापुरताच आहे.

चौथी वजनाची. आर-२२ या छोट्या दोन सीटच्या हेलिकॉप्टरमध्ये पायलट उजव्या सीटवर बसतो. डावी सीट रिकामी ठेवून आणि मग ७०-८० किलोचा माणूस बसवून हॉवर करा. सायक्लिकची जागा बदलली पाहिजे.

पाचवी जरा क्रूर आहे. आर-२२ मध्ये इंजिन बंद करा आणि कलेक्टिव्ह तसाच धरून ठेवा. रोटरचे फेरे भराभर खाली येतील. ८० टक्के, अधिक दर हजार फुटांना एक टक्का, याच्या खाली गेलेला रोटर खऱ्या आर-२२ मध्ये परत येत नाही. पाती स्टॉल होतात, म्हणजे उचल देणं सोडतात, आणि विषय संपतो. सिममध्ये ६० टक्क्यांवरून कलेक्टिव्ह खाली करून तुम्ही सुखरूप उतरलात, तर ते मॉडेल तुम्हाला पदरात घेतंय.

कोणता सिम्युलेटर घेऊ?

खिशात हात घालायचा नसेल तर फ्लाइटगिअर. पूर्ण मोफत, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो, आणि त्यातलं बीओ-१०५ शिकण्यासारखं आहे. त्या हेलिकॉप्टरच्या पात्यांना बिजागऱ्या नाहीत, त्यामुळे हात हलवला की यंत्र ताबडतोब उत्तर देतं. नवशिक्याला ते फार चपळ वाटेल. दिसायला सिम जुना वाटतो, त्याची सवय होते.

एक्स-प्लेन पात्याचे छोटे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावरचा जोर क्षणोक्षणी मोजतो. त्यामुळे कोणी मुद्दाम न लिहिलेले परिणामही त्यातून आपोआप निघतात. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या सिममध्ये सुरुवातीला हेलिकॉप्टरं नव्हतीच. बाहेरच्या लोकांनी विमानाच्या गणितावर कसरत करून ती उडवली. नोव्हेंबर २०२२ मध्ये चाळिसाव्या वर्धापनदिनाच्या आवृत्तीत बेल-४०७ आणि गिम्बाल काब्री जी-२ अधिकृतपणे आली. तेव्हा त्या सिमसाठी जुनं ॲड-ऑन घेताना ते नोव्हेंबर २०२२ च्या आधीच्या पद्धतीवर बांधलंय का, हे विचारून घ्या. डीसीएस लढाऊ सिम आहे, पण त्यातल्या ह्यूई या हेलिकॉप्टरवर हॉवर शिकलेले बरेच जण आहेत. क्षेपणास्त्रांत रस नसला तरी हरकत नाही.

माझी पसंती विचाराल तर शिकायला एक्स-प्लेन, ठाण्याची खाडी बघत फिरायला मायक्रोसॉफ्ट. दोन्ही घ्यायला सांगत नाही. एक घ्या आणि एकच हेलिकॉप्टर महिनाभर धरून बसा.

सेटिंगमधली मदत चालू ठेवू का?

पहिले दोन-तीन दिवस ठेवा. नंतर पेडलची मदत आधी बंद करा, कारण पायाची सवय सगळ्यात उशिरा लागते. सायक्लिकची स्थिरता शेवटी काढा.

साधी टेबलावरची जॉयस्टिक चालेल का?

चालते, पण तिच्या तीन खोडी समजून घ्या.

एक, स्प्रिंग. ती काठीला सतत मध्याकडे ओढते. हॉवरमध्ये सायक्लिक मध्ये नसतो हे वर आलंच, म्हणजे मनगट सतत स्प्रिंगशी भांडत राहतं आणि दहा मिनिटांत दुखतं. काही जॉयस्टिक उघडून स्प्रिंग काढता येते किंवा हलकी बसवता येते. वॉरंटी मात्र त्याच क्षणी गेली म्हणून समजा.

दोन, लांबी. खऱ्या सायक्लिकची मूठ बिजागरीपासून बरीच लांब असते, आणि हॉवरमध्ये मुठीची हालचाल बोटाच्या पेराएवढीही नसते. टेबलावरच्या आखूड काठीवर तेवढीच हालचाल केली तर यंत्राला ती कितीतरी मोठी दिसते. एक्स्टेंशन लावून काठी जमिनीजवळ, दोन पायांच्या मध्ये आणणं हा सगळ्यात मोठा फरक पाडणारा बदल आहे. माझ्या मते ग्राफिक्स कार्डाच्या आधी पैसे इथं घाला.

तीन, कर्व्ह. काठी फार तिखट वाटते म्हणून लोक मध्यभाग मऊ करणारा वक्र लावतात. विमानात ते चालतं. हेलिकॉप्टरमध्ये हॉवरची जागा मध्याच्या डावीकडे असते, म्हणजे मऊपणा एका जागी आणि गरज दुसऱ्या जागी. त्यात डावीकडे हात एक उत्तर देतो आणि उजवीकडे दुसरंच. शक्य असेल तर वक्र सरळ ठेवा, डेड झोन (काठी हलवूनही सिमला न कळणारा मधला भाग) शून्य ठेवा. अगदीच जमत नसेल तर थोडासा वक्र, आणि काठी लांब झाली की तो काढून टाका.

थ्रॉटल लिव्हरलाच कलेक्टिव्ह केलं तर?

करा, पण अक्ष उलटा करून घ्या. लिव्हर स्वतःकडे ओढला की वर जायचं, पुढे ढकलला की खाली. विमानाची सवय असलेल्यांना दोन दिवस विचित्र वाटेल. उलट शिकलात तर पुढे खरा कलेक्टिव्ह घेतल्यावर सगळं पुसून पुन्हा शिकावं लागेल.

कलेक्टिव्ह घरी बनवता येईल का?

येईल, आणि खटपटी माणसासाठी हा या छंदातला सगळ्यात मजेचा भाग आहे. तयार हवा असेल तर विरपिलसारख्या कंपन्या बनवतात, पण बाहेरून मागवायचा म्हणजे कस्टम ड्युटीसकट हिशोब करा.

सांगाडा सोपा: खुर्चीच्या डाव्या बाजूला एक बिजागरी, त्यावर पाइप, पाइपच्या टोकाला मूठ. पीव्हीसी पाइप वाकतो, त्यापेक्षा ॲल्युमिनियमचा घ्या. महत्त्वाचं म्हणजे सोडला त्या जागी कलेक्टिव्ह थांबला पाहिजे. त्यासाठी बिजागरीच्या बोल्टवर नायलॉनचे वॉशर आणि घट्ट-सैल करता येईल असा नट. वजन जास्त असेल तर खालून गॅस स्ट्रट. वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळ्याला ओळखीचं वर्कशॉप असेल तर बोल्ट आणि बुश लेथवर नीट करून मिळतात. हातानं भोकं पाडलेल्या बिजागरीत खुळखुळा राहतो, आणि तो खुळखुळा थेट हॉवरमध्ये दिसतो.

इलेक्ट्रॉनिक्ससाठी आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारं छोटं बोर्ड) प्रो मायक्रो किंवा लिओनार्डो घ्या. त्यातली चिप थेट यूएसबी जॉयस्टिक म्हणून ओळखली जाते. आर्डुइनो ऊनोवर तीच गोष्ट करायला उगाच द्राविडी प्राणायाम करावा लागतो. हे सगळं ऑनलाइन मिळतं, पण ज्याला हातात घेऊन बघायचं आहे त्यानं दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठावं आणि लॅमिंग्टन रोडवर हिंडावं.

आता खरी गोम. पोटेन्शिओमीटर (दांडा किती फिरला ते सांगणारा भाग) साधारण २७० अंश फिरतो आणि आर्डुइनो त्याचे १०२४ भाग करतो. पण कलेक्टिव्ह फिरतो जेमतेम ४० अंश. सरळ जोडलात तर १०२४ पैकी फक्त दीडशे पायऱ्या तुमच्या वाट्याला येतात, आणि हॉवरमध्ये हेलिकॉप्टर जिना चढल्यासारखं वर-खाली होतं. उपाय दोन. दात्यांच्या चाकांनी फिरणं पाच-सहापट करा, नाहीतर एएस-५६०० हा चुंबकीय सेन्सर वापरा. तो पूर्ण फेरीचे ४०९६ भाग करतो, म्हणजे ४० अंशांत साडेचारशेच्या वर पायऱ्या मिळतात. दुसरा फायदा आपल्या हवेचा. पोटेन्शिओमीटरमध्ये घासणारा भाग असतो, आणि खाडीकाठच्या पावसाळ्यात तो काही महिन्यांत उड्या मारायला लागतो. चुंबकीय सेन्सरमध्ये काही घासतच नाही.

पेडल नसतील तर जॉयस्टिक पिळून चालेल?

सुरुवातीला चालेल. पण मूठ पिळताना सायक्लिकही नकळत हलतो, आणि मग दोष कशाचा ते कळत नाही. पेडल घेतलेत तर त्यांची मध्यावर आणणारी स्प्रिंग सैल करा.

माझा संगणक सेकंदाला ३० फ्रेम देतो. पुरेसं आहे ना?

प्रवासी विमानाला पुरेसं, हॉवरला अपुरं. ३० फ्रेम म्हणजे प्रत्येक चित्रात ३३ मिलिसेकंद. त्यावर मॉनिटरचा उशीर, यूएसबीचा उशीर, व्ही-सिंकचा (चित्र पडद्याच्या गतीशी जुळवण्याचा) उशीर. व्यावसायिक हेलिकॉप्टर सिम्युलेटरच्या सर्वोच्च दर्जासाठी अमेरिकी नियमांत उशिराची मर्यादा १०० मिलिसेकंद आहे. त्यापलीकडे गेलात की तुमची दुरुस्ती नेहमी आधीच्या क्षणासाठी असते. हेलिकॉप्टर डावीकडे गेलं, तुम्ही उजवीकडे नेलं, तोवर ते स्वतःच उजवीकडे निघालं होतं. झोके वाढत जातात आणि माणूस स्वतःच्या हाताला शिव्या घालतो.

ढग, सावल्या, गाड्यांची वर्दळ कमी करा. एक्स-प्लेनमध्ये एका फ्रेममागे उड्डाणाचं गणित किती वेळा करायचं याची सेटिंग आहे, ती वाढवा. आणि त्यात फ्रेम २० च्या खाली गेल्या तर सिममधला वेळच मंदावतो, म्हणजे हॉवर सोपा झाल्याचा भास होतो. त्या हॉवरचे व्हिडिओ कृपया पाठवू नका.

व्हीआर हेडसेट घ्यावाच लागतो का?

नाही, पण हॉवरसाठी इतका फरक दुसरं कुठलंच यंत्र पाडत नाही (काठीची लांबी सोडून). खरा पायलट हेलिकॉप्टर सरकतंय हे कानातल्या तोलाच्या इंद्रियानं आणि डोळ्यांच्या कडेनं ओळखतो. घरी पहिलं मिळतच नाही. सपाट पडद्यावर दुसरंही मिळत नाही. म्हणून बरेच खरे पायलट घरच्या सिमवर पहिल्यांदा बसले की धडपडतात. कॅलिफोर्नियात नासाच्या एम्स केंद्रात असं सिम्युलेटर आहे की ज्याचं कॉकपिट खरोखर ६० फूट वर-खाली जातं. हॉवरचा अभ्यास करायला तेवढं हलवावं लागतं, यावरून काय ते समजा.

व्हीआर नसेल तर दृष्टिक्षेत्र वाढवा, डॅशबोर्ड थोडा खाली करा म्हणजे पायाजवळची जमीन दिसेल, आणि नजर पन्नास-शंभर फुटांपलीकडच्या एखाद्या खांबावर किंवा झाडावर ठेवा. नाकासमोरच्या गवताकडे बघत हॉवर होत नाही. साध्या वेबकॅमवर ओपनट्रॅक हे मोफत सॉफ्टवेअर डोकं ओळखतं, मान वळवली की दृश्य वळतं.

मे महिन्यात लाइव्ह हवामान लावलं की हेलिकॉप्टर सुस्त होतं. बिघाड आहे का?

उलट, तुमचा सिम बरोबर चाललाय! कामगिरीची कोष्टकं समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सियस आणि १०१३ हेक्टोपास्कल धरून सुरू होतात. ठाण्यात मे महिन्याच्या दुपारी ३५ अंश, म्हणजे प्रमाणापेक्षा २० अंश जास्त. गरम हवा विरळ असते, जणू उंचावरची; एका अंशाला साधारण १२० फूट जादा उंची धरा. झाले २४०० फूट. म्हणजे तलावपाळीला जमिनीवर उभं असलेलं हेलिकॉप्टर हवेच्या दृष्टीनं जवळजवळ माथेरानला उभं आहे.

जुलैत तापमान २८ वर येतं पण दाबही उतरतो. १००४ धरला तर नऊ हेक्टोपास्कलचे सुमारे २७० फूट आणि १३ अंशांचे १५६० फूट, मिळून अठराशेच्या वर. दमटपणाचे आणखी तीन-चारशे फूट वेगळे, कारण पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. बेल-४०७ सारख्या टर्बाइनच्या हेलिकॉप्टरमध्ये अशा दिवशी टॉर्कआधी इंजिनाच्या तापमानाची मर्यादा गाठली जाऊ शकते, तेव्हा तो काटाही बघत जा. आणि टाकी काठोकाठ भरून सराव करायची गरज नाही. अर्धी पुरते.

खाली उतरता उतरता एकदम दगडासारखं का पडतं?

व्हॉर्टेक्स रिंग. रोटरनं खाली ढकललेली हवा टोकांवरून वळून पुन्हा वर येते आणि रोटर आपल्याच भोवऱ्यात बसतो. कलेक्टिव्ह ओढला की भोवरा आणखी जोरात फिरतो. शिकवताना तीन अटी सांगतात: पुढचा वेग फार कमी, उतरण्याचा वेग मिनिटाला ३०० फुटांपेक्षा जास्त, आणि इंजिनाची ताकद लावलेली.

३०० हा सुरक्षित अंतर ठेवून दिलेला आकडा आहे. आर-२२ चं कमाल वजन ६२२ किलो, रोटरचा व्यास सुमारे ७.७ मीटर. यावरून हॉवरमध्ये रोटर हवेला सेकंदाला सव्वासात मीटरच्या आसपास खाली ढकलतो, म्हणजे मिनिटाला चौदाशे फूट. सगळ्यात वाईट भोवरा याच्या पाऊणपटीच्या आसपास उतरताना बसतो, हजार फुटांच्या जवळ. चांगल्या मॉडेलमध्ये ३०० पासून थरथर, ढिलेपणा, सायक्लिकला मऊ प्रतिसाद, आणि पुढे खरं पडणं असा चढता क्रम दिसतो. ३०१ ला जर कोणी दोरी कापल्यासारखं पडलं, तर ते मॉडेल आकडा पाहून शिक्षा करतंय. जड हेलिकॉप्टरचा रोटर हवा जास्त जोरात ढकलतो, म्हणून त्याचा भोवराही जास्त वेगावर बसायला हवा.

सुटायचं कसं? सायक्लिक पुढे, वेग घ्या, मग ताकद. दुसरी रीत स्विस पायलट क्लोद व्युशार यांच्या नावानं ओळखली जाते: कलेक्टिव्ह चढाईच्या ताकदीपर्यंत वर, डाव्या पेडलनं नाक सरळ, सायक्लिक उजवीकडे. टेल रोटरचा उजवीकडचा जोर इथं कामी येतो आणि हेलिकॉप्टर बाजूनं भोवऱ्याबाहेर पडतं. ही दुसरी रीत तुमच्या सिममध्ये काम करत असेल तर मॉडेल लिहिणाऱ्यानं घरचा अभ्यास केलाय.

इंजिन बंद पडल्यावर हेलिकॉप्टर खरंच उतरवता येतं?

येतं. कलेक्टिव्ह ताबडतोब खाली, म्हणजे वर येणारी हवा रोटर फिरवत ठेवते. आर-२२ चा रोटर हलका असल्यामुळे हातात एक-सव्वा सेकंद असतो, ह्यूईची जड पाती त्या मानानं भरपूर वेळ देतात. मग आर-२२ ला ६५ नॉटच्या आसपास वेग धरा, जमिनीजवळ नाक उचला, त्यानं फेरे वाढले पाहिजेत, मग यंत्र सरळ करून उरलेली शक्ती कलेक्टिव्हनं खर्च करा. वळताना फेरे वाढतात, तेही तपासा.

याचं सर्वांत मोठं उदाहरण २१ जून १९७२ चं. फ्रेंच चाचणी पायलट ज्याँ बूले यांनी लामा हेलिकॉप्टर १२,४४२ मीटरवर नेलं. तिथून उतरू लागताच इंजिन विझलं, पुन्हा पेटलं नाही, आणि ते तिथून जमिनीपर्यंत ऑटोरोटेशनवर, म्हणजे नुसत्या हवेनं फिरणाऱ्या रोटरवर, आले. लामा मुळात भारतीय लष्कराच्या मागणीवरून घडवलं गेलं, आणि हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं ते चीता नावानं बनवलं.

काब्रीमध्ये माझा पाय उलटा का पडतो?

काब्री फ्रेंच आहे, आणि फ्रेंच रोटर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो. कलेक्टिव्ह वर, तर उजवं पेडल. चेतक, चीता, डॉफिन, रशियन एमआय-१७ सगळे तसेच. वर लिहिलेलं सगळं डावं-उजवं अदलाबदल करून वाचा.

आपल्या भागात सराव कुठे करू?

सुरुवात जुहूवरून करा, तिथून पवन हंसची हेलिकॉप्टरं खरोखर बॉम्बे हायच्या तेल फलाटांवर जातात. मग पवईवरून ठाण्याकडे. सिममध्ये परवानगी कोण मागतो म्हणा, प्रत्यक्षात मोठ्या विमानतळाच्या इतक्या जवळ असं मनमुराद फिरता येत नाही.

हॉवरसाठी दादोजी कोंडदेव स्टेडियम किंवा नेरूळचं डी. वाय. पाटील उत्तम. चारी बाजूंनी उभ्या गोष्टी असल्यामुळे सरकणं लगेच दिसतं. ठाण्याच्या खाडीवर मात्र सुरुवातीला हॉवर करू नका, सपाट पाण्यावर नजर ठरत नाही आणि उंचीचा अंदाज फसतो. हात बसला की मुद्दाम तिथंच जा. वाऱ्यासाठी पारसिकचा डोंगर किंवा येऊर: पावसाळी नैर्ऋत्य वारा लावून वाऱ्याकडच्या उतारावर उचल आणि पलीकडे खाली खेचणारी हवा मिळते का ते बघा. पुढे खारघरचा डोंगर, कर्नाळ्याचा सुळका. लांबच्या सरळ उड्डाणाला अटल सेतू आहेच, २१.८ किलोमीटरचा. एक सूचना: खाडीवरच्या उच्चदाबाच्या तारा बऱ्याच सिममध्ये नसतात. खऱ्या पायलटला सगळ्यात जास्त धास्ती त्यांचीच असते.

नवी मुंबई विमानतळाच्या जागी माझ्याकडे टेकडी का दिसते?

कारण नकाशा जुना आहे. बऱ्याच मोफत भूप्रदेशांची उंची २००० साली स्पेस शटलनं केलेल्या रडार मोजणीतून आली आहे. त्यानंतर उलव्याची टेकडी फोडली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. नवा भूप्रदेश टाकल्याशिवाय टेकडी हलणार नाही.

आरसी (रिमोटवर उडणाऱ्या) हेलिकॉप्टरचा सिम्युलेटर आहे माझ्याकडे. त्याचा उपयोग होईल?

फारसा नाही. त्यात जायरो (नको असलेलं वळणं आपोआप थोपवणारा भाग) निम्मं काम करतो आणि तुम्ही बाहेर उभे राहून बघता. डोळे-हाताचा धीर वाढेल एवढंच.

खुर्चीखाली शेकर (खुर्ची थरथरवणारं यंत्र) लावू का? खालचे काका तक्रार करतील?

लावा, उपयोगाचा आहे. आर-२२ चा रोटर मिनिटाला सुमारे ५३० फेरे मारतो, पाती दोन, म्हणजे सेकंदाला साधारण १८ ठोके. ह्यूईचे ३२४ फेरे, म्हणजे जवळजवळ ११ ठोके. इतका खालचा आवाज साध्या स्पीकरमधून निघतच नाही, तो अंगालाच जाणवावा लागतो, आणि फेरे घसरल्याचं डोळ्यांआधी पाठीला कळतं. पण हेच ठोके स्लॅबमधूनही जातात. खुर्चीच्या पायांखाली जाड रबराचे तुकडे ठेवा आणि रात्री दहानंतर बंद करा. काकांना एकदा वर बोलावून डाव्या सीटवर बसवलं तर प्रश्न निम्मा सुटतो.

हे तास पायलटच्या लॉगबुकमध्ये धरतात का?

घरचे तास नाहीत. फक्त डीजीसीएनं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं) मान्य केलेल्या यंत्रावर, मान्यताप्राप्त प्रशिक्षकासोबत केलेलं प्रशिक्षणच धरलं जातं. आपल्याकडे बंगळूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्स आणि कॅनडाच्या सीएई यांच्या भागीदारीतलं हॅट्सऑफ हे केंद्र आहे. तिथल्या पूर्ण हालचालीच्या सिम्युलेटरवर कॉकपिट बदलून ध्रुव, बेल-४१२, डॉफिन अशी वेगवेगळी हेलिकॉप्टरं शिकवली जातात. मुलाला किंवा मुलीला खरंच पायलट व्हायचं असेल तर घरचा सिम चेकलिस्ट, रेडिओवरचं बोलणं आणि आणीबाणीतला क्रम पाठ व्हायला वापरा. हॉवरचा हात प्रशिक्षक बसवून देईल, आणि टेबलावरच्या आखूड काठीनं लागलेल्या सवयी त्याला आधी मोडाव्या लागतील. म्हणून तोवर निदान काठी तरी लांब करून घ्या.